परत न आलेल्या पेशंटांच्या मागं तीन दिवस

लोक काशीला जातात, केदारला जातात आन् आल्यावर चार महिने बर्फाच्या गोष्टी सांगतात. मी गेलो नामपूरला, त्र्यंबकला आन् पेठच्या रस्त्याला. आमच्या मखमलाबादची चुकलेली म्हैस बी याहून लांब फिरून येते. पण मी ज्या कामाला गेलो त्या कामाला तुमच्यातलं कुणी जाणार नाय, म्हणून सांगतो.

मी बाळू. शाळा तिसरीत सुटली. खरं म्हंजे शाळेनंच मला सोडलं, आन् गुरुजींनी त्या दिवशी पेढे वाटले असं आमची आई सांगायची. माझ्याकडं जुनी जीप हाय. पहाटे तिच्यातून गुलाब आन् झेंडू बाजारात न्यायचा, दिवसा माणसं न्यायची. माणसांच्या कपड्यांना झेंडूचा वास लागतो आन् झेंडूला माणसांचा. दोन्हीकडून शिव्या मलाच.

घरात मी आन् सुमन. फुलं तोडायचं काम तिचं. ती एका हातानं तोडते तेवढी मी दोन हातांनी तोडत नाय, आन् माझ्या फुलांना देठ बी नसतो. पण तिला आमवात लागला. आधी मनगट, मग बोटं. सकाळी मूठ वळली का उघडायचीच नाय. मी गरम पाण्यात तिचा हात धरून एकेक बोट सरळ करायचो. मग नाशिकच्या एका डॉक्टरनं नवी गोळी दिली. पांढरी, मधोमध रेघ असलेली. म्हणाला, "सगळीकडं छापून आलंय, लय चांगली आहे." तीन आठवड्यांत हात उघडला. उघडल्या हाताची पयली चापट मला बसली. पाठीवर, लाडानं. मी गल्लीत सांगत फिरलो, बायकोनं मारलं म्हणून.

गोळी चालू होऊन दीड महिना झाला असंल तेव्हा मॅडम आल्या. ही दोन हजार सालाच्या थोडं पुढची गोष्ट. मॅडम नाशिकच्याच, डॉक्टर, पण पेशंट बघायच्या नायत. कागद बघायच्या. म्हणाल्या, "बाळूभाऊ, तीन दिवस गाडी पाहिजे. जुन्या डॉक्टरांना भेटायचंय." मी म्हणलं, चला. कागद बघणारी बाई गाडीत ओकणार तरी नाय.

सटाण्याच्या अलीकडं

गाडी थांबली ती डिझेल संपल्यामुळं. काटा तर अर्ध्यावर होता. तो चार वर्षं अर्ध्यावरच हाय, हे मला माहीत होतं, पण त्या दिवशी वाटलं खरं बोलत असंल. मागं कॅन होता. मी नरसाळं लावलं आन् ओतायला लागलो. मॅडम खाली उतरून बघत उभ्या. मला वाटलं आता बोलणार. तर म्हणाल्या, "ते नरसाळं झालं का द्या जरा."

त्यांनी ते बॉनेटवर उलटं ठेवलं. सगळ्या हाताला डिझेल.

"हे बघा. एका औषधावर वेगवेगळ्या डॉक्टरांनी अभ्यास केले. मी ते सगळे गोळा करून एकत्र निकाल काढते. मोठे अभ्यास असतात, त्यांचं उत्तर साधारण एका ठिकाणी येतं. ते इथं वर, टोकाला. छोटे अभ्यास खाली. वीस पेशंटवाल्याचं उत्तर कधी खूप चांगलं येतं, कधी खूप वाईट. म्हणून ते खाली दोन्हीकडं पसरतात. सगळे कागद मिळाले तर चित्र असं दिसलं पाहिजे, उलट्या नरसाळ्यासारखं."

"बरं."

मग त्यांनी नरसाळ्याच्या अर्ध्या भागावर तळहात ठेवला. "माझ्याकडं आलंय ते असं. चांगली बाजू भरलेली. ही बाजू रिकामी."

"मग वाईट झालंच नसंल."

"तसं असतं तर बरंच होतं. पण झालेलं वाईट कुणी छापत नाही, बाळूभाऊ. औषधवाल्यांना नको असतं, छापणाऱ्यांना त्यात गंमत वाटत नाही, आणि डॉक्टरला वाटतं आपलंच काही चुकलं. मग कागद कपाटात जातात. ते कपाट उघडायला निघालोय आपण."

मी हुशारी दाखवली. म्हणलं, "आमच्यात बी असंच. टोपलीत टपोरं फूल वर, मार खाल्लेलं खाली."

"तुमचं गिऱ्हाईक खाली हात घालून बघतं," मॅडम म्हणाल्या. "मला टोपलीच अर्धी देतात."

एका जुन्या मीटिंगच्या पत्रिकेत त्यांना नावं सापडली होती. नव्वदच्या पुढच्या सालांत या डॉक्टरांनी गोळी वापरून बघितली, मीटिंगमधी सांगणार असं छापलं होतं, पण पुढं त्यांचा एक शब्द कुठं आला नाय. कसली गोळी ते मी विचारलं नाय. मला काय, मी डायवर. हात पुसायला मी त्यांना फडकं दिलं, ते डिझेलचंच निघालं.

नामपूर

नामपुरात कांद्याचा लिलाव चालला होता. ट्रॅक्टरची रांग, रस्त्यावर कांद्याची फोलपटं उडतायत, जशी आमच्याकडं पाकळ्या उडतात. फरक एवढाच का पाकळी डोळ्यात गेली तर माणूस रडत नाय. मी डोळे पुसत पुसत डॉक्टरांच्या दारात उभा राह्यलो. दार उघडणाऱ्या काकूंना वाटलं कुणी गेलं, मी सांगायला आलोय.

"काय झायं भाऊ? कोण शे?"

मॅडमनी मागून ओळख सांगितली तेव्हा काकू हसल्या. "बठा ना वो ताई. मी पानी लयस."

डॉक्टर म्हातारे, झोपाळ्यावर बसलेले. दवाखाना मुलाला देऊन टाकलेला. आधी त्यांना आम्ही इन्कमटॅक्सचे वाटलो. मग माझ्या चपलेकडं बघून खात्री पटली का नाय.

काकूंनी जेवल्याशिवाय बोलूच दिलं नाय. कळण्याची, म्हंजे ज्वारी-उडदाची भाकरी, वांग्याचं भरीत, वर कच्चं तेल आन् हिरव्या मिरचीचा ठेचा. आमच्याकडं पाव्हण्याला ठेचा ताटात चिमूटभर वाढतात. तिथं वाटी ठेवतात. मला वाटलं चटणी, मी भाकरीनं वाटी पुसली. पुढची पंधरा मिनिटं मी काय बोललो ते मला बी समजलं नाय. काकू पंख्यानं वारा घालत होत्या आन् डॉक्टर म्हणत होते, "ज्या माणसाला ठेचा ओळखू येत नाही त्याला गाडी कशी देता?"

मग मॅडमनी कागदाचं विचारलं आन् हसू गेलं.

डॉक्टर उठले. लोखंडी कपाटाच्या खालच्या फळीवरून एक गठ्ठा काढला, सुतळीनं बांधलेला. म्हणाले, "औषधवाल्यांचा माणूस यायचा. फॉर्म त्यानंच दिले. जे पेशंट परत येऊन बरं वाटलं म्हणाले, त्यांचे फॉर्म तो घेऊन गेला. जे परत आले नाहीत, ते 'बरे झाले असतील, म्हणून आले नाहीत' असं लिहा म्हणाला. मी काहींचं तसं लिहिलं. तेव्हा खरंच वाटलं तसं."

"आणि हे?" मॅडमनी गठ्ठ्यावर हात ठेवला.

"यातले काही परत आले. डोळे पिवळे घेऊन. कावीळ. एक बाई पुढं राहिली नाही. मी ते सगळं लिहून पाठवलं. तो माणूस म्हणाला, सर, तुमच्याकडच्या पाण्यातच कावीळ असेल. छापायला पाठवलं तर परत आलं, पेशंट फार कमी आहेत म्हणे. चांगलं आलेल्यांचे पण तेवढेच होते, ते बरे छापले. मग मी म्हटलं जाऊ दे. माझंच चुकलं असेल."

"कुणीच विचारलं नाही नंतर?"

"आज तुम्ही विचारलंत."

झोपाळा हलायचा थांबला. काकू आतूनच म्हणाल्या, "त्या बाईनं नाव यास्ले अजून याद शे." म्हंजे डॉक्टरांना ते नाव अजून आठवतं.

डॉक्टरांनी गठ्ठ्यातून गोळ्यांची जुनी पट्टी काढली. सॅम्पलची, नमुना म्हणून ठेवलेली. मला चष्मा लागत नाय. पांढरी, मधोमध रेघ.

मी म्हणलं, "जरा गाडी बघून येतो." गाडीला काय बघायचं होतं? टायरला लाथ मारली आन् तिथंच बसलो.

परतताना मॅडम बोलत होत्या, मी नुसतं हं हं करत होतो. खरं म्हंजे तेव्हाच सांगायचं ना? मॅडम, हीच गोळी माझी बायको घेते. एवढं एक वाक्य. ठेच्यानं जीभ भाजली असं मी स्वतःला सांगितलं. पण खरं ते एकच. मॅडमला सांगितलं तर गोळी बंद, आन् गोळी बंद तर हात बंद.

घरी आलो तर सुमन ओट्यावर बसून हार ओवत होती. मला बघून सुई वर धरली. "अवो, बघा. सुईत दोरा मीच घातला. चष्म्याबिगर."

तिचे तळहात पिवळे होते. झेंडू खुडणाऱ्याचे असतातच. डोळ्यांकडं मी बघितलंच नाय.

त्र्यंबक

दुसऱ्या दिवशी त्र्यंबकला गेलो. त्या डॉक्टरांचा दवाखाना बंद होऊन तिथं पूजेच्या सामानाचं दुकान झालेलं. डॉक्टर वारले होते. दुकान त्यांची सून चालवते. बोलायला फटकळ. दर वाक्याला गिऱ्हाइकाच्या गळ्यात एक अगरबत्ती मारायची.

"सासऱ्यांचे कागद? अहो ताई, पोतं होतं पोतं. कागद चांगला जाड, एका बाजूनं कोरा. पुड्यांना कामी आला. हळद, कुंकू, बुक्का, अष्टगंध. तुम्हाला काय देऊ?"

मॅडमनी कपाळाला हात लावला. मला मात्र आतून बरं वाटलं. आता लपवाछपवी कशाला? मी देवळाच्या कळसाकडं बघून मनातल्या मनात हात जोडले का बरं झालं बाबा, पुड्या झाल्या. लोक देवाला मागतात का खरं कळू दे. मी जाऊन मागितलं, कळू नको दे. जोतिर्लिंगाच्या दारात एवढं नीच मागणारा मी पयलाच असंन.

मॅडम हटणाऱ्या नव्हत्या. त्यांनी पुड्या विकत घ्यायला सुरुवात केली. एकेक सोडायची, आतलं कुंकू माझ्या हातात ओतायचं, कागद वाचायचा. मी ओंजळ धरून उभा, देवाला जाणारे मला बाजूनं नमस्कार करत होते. एका आजीनं तर चिमूटभर कुंकू घेऊन माझ्याच कपाळाला लावलं.

सून म्हणाली, "ताई, एवढं कुंकू कशाला? लग्न हाय का घरात?"

"कागद पाहिजेत, वहिनी."

"मग कागद घ्या की. कुंकवाचे पैसे पडतील ते पडतील."

बरेच कागद कोरेच किंवा औषधांच्या यादीचे निघाले. फॉर्म असे मोजकेच, आन् ते बी अर्धे फाटलेले. त्यातला एक माझ्या हातात आला तेव्हा मॅडम दुसरा वाचत होत्या. मी तो घडी करून खिशात घातला. काय लिहिलंय ते मला कळत नव्हतं, अक्षर डॉक्टरचं, त्यात इंग्रजी. पण मला वाटलं एक तरी कमी. असा हिशोब तिसरीतला माणूसच करू जाणे.

चोरी करायची अक्कल बी लागते. त्या कागदात कुंकू उरलेलं. दुपारी उकाड्यात घाम आला आन् खिशातून लाल रंग उतरला, पांढऱ्या शर्टावर बरोबर छातीवर. हॉटेलात बसलो तर पोऱ्या ओरडला, "काका, रगात!" सगळं हॉटेल उभं राह्यलं. मॅडमनी धावून शर्टाला हात लावला. मी म्हणलं, "काय नाय, मॅडम, देवाचं कुंकू."

परतीच्या वाटेवर त्यांनी विचारलं, "बाळूभाऊ, नामपूरपासून तुम्ही एकही विनोद केला नाहीत. बरं वाटत नाही का?"

"पोट," मी म्हणलं.

पेठचा रस्ता

तिसऱ्या दिवशीचा डॉक्टर पेठच्या रस्त्याला एका गावात. तो भेटला, चांगला बोलला, पण त्याच्याकडं एकच वही होती आन् तिच्यात बहुतेक नावांपुढं एकच शब्द. 'आला नाही.' 'आली नाही.' पान उलटलं तरी तेच.

मॅडम गाडीत येऊन बसल्या. वही मांडीवर. म्हणाल्या, "इतकी माणसं गेली कुठं? बरी झाली, का दुसऱ्या डॉक्टरकडं गेली, का गेलीच? हेच मला मोजता येत नाही. नरसाळ्याची रिकामी बाजू किती मोठी, याचा मी फक्त अंदाज बांधू शकते. आणि तो अंदाज म्हणजे पुरावा नाही, असं लोक म्हणणार."

मी गाडी चालू केली. आन् दोन किलोमीटरवर तो फाटा आला. त्या फाट्याला मी आयुष्यात इतक्या वेळा वळलोय का गाडी आपोआप वळायला बघती.

त्या फाट्यावर आत एक बाबा हाय, कावीळ उतरवणारा. रविवारी देतो. वनस्पतीच्या काड्यांची माळ करून डोक्यावर ठेवतो. ती रोज थोडी सैल होत खाली येती, गळ्यात, मग छातीवर, मग कमरेला. माळ उतरली का कावीळ उतरली. मी ब्याण्णवपासून किती रविवार नाशिकहून माणसं भरून तिथं नेली! सटाण्याकडची यायची, हरसूलची यायची. स्टँडवर उतरून विचारायची, काविळीची गाडी कुठली? लोक माझ्याकडं बोट दाखवायचे. माझ्या गाडीचं नावच ते पडलं होतं. पोरीच्या लग्नाला कुणी भाड्यानं न्यायचं नाय.

आन् मला एकदम आठवलं. गाडीत एक लाकडी पाट असायचा. मीच ठोकून घेतला होता. कारण काविळीची काही माणसं गाडीत चढायचीच नायत. गुडघा वाकायचा नाय, दांडा धरता यायचा नाय, बोटं वाकडी. मी पाट टाकायचो, काखेत हात घालून वर घ्यायचो. लय वेळा. तेव्हा मला वाटायचं, कावीळ झाली का असं होत असंल.

काविळीनं गुडघे कशाला धरतील?

मी गाडी थांबवली. रस्त्याच्या मधीच. मागून एस्टीवाल्यानं माझ्या आईची चौकशी केली.

"काय झालं?" मॅडम म्हणाल्या.

आता इथं मी शूर होऊन बोललो असं सांगायला बरं वाटलं असतं. पण मी आधी रडलो. स्टेअरिंगवर डोकं ठेवलं तर हॉर्नच वाजायला लागला, एस्टीवाला आणखी चिडला. मग मी खिशातला कागद काढून दिला, लाल झालेला, आन् बोललो. पाटाचं. काविळीच्या गाडीचं. आन् सगळ्यात शेवटी सुमनचं.

मॅडमनी आधी कागद वाचला. बाई, वय सदतीस, दुसऱ्या महिन्यात कावीळ, गोळी बंद. त्याच्यापुढं फाटलेलं. मला म्हणाल्या, "सुमनताईंचे डोळे कसे आहेत?"

"बघितले नायत."

"दोन दिवस?"

"दोन दिवस."

त्या मला शिवी देतील असं वाटलं. शिवी दिली असती तर बरं झालं असतं. म्हणाल्या, "बाबाकडं पाच मिनिटं. मग थेट तुमच्या घरी. जोरात चालवा."

बाबा अंगणात काड्या तोडत बसला होता. समोर एक जांभळाचं झाड, आन् त्याच्या प्रत्येक फांदीला वाळलेल्या माळा. शेकड्यानं. वाऱ्यानं खुळखुळ वाजायच्या. मला ओळखलं त्यानं. "बाळू, आज रविवार नाय."

मॅडमनी विचारलं का हातपाय धरलेली, बोटं वाकडी अशी माणसं काविळीसाठी यायची का? बाबा म्हणाला, "लय यायची. दवाखान्याच्या गोळ्या घेऊन यायची. माझं पथ्य एकच, तेल-हळद बंद आन् दवाखान्याची गोळी बंद. गोळी सोडली तर माळ उतरायची, बाय."

मॅडमनी माझ्याकडं बघितलं. मला बी ते समजलं. माळेचं नाय ते. कावीळ उतरायची ती गोळी सोडली म्हणून.

"तुम्ही लिहून ठेवता का?"

"मला कुठं लिवता येतंय? हे झाड बघ. ज्याची उतरली त्यानं माळ आणून झाडाला टांगायची, असा रिवाज हाय. सगळी बरी झालेली माणसं हायत ही."

"आणि ज्यांची उतरली नाही?"

बाबा हसला. दात नव्हते. "मेलेला माणूस माळ घेऊन येतो व्हय, बाय?"

मॅडम झाडाकडं बघत उभ्या राहिल्या. लोक लांबून येऊन ते झाड बघायचे आन् त्यांना धीर यायचा. मला बी यायचा. कितीतरी माणसं मी त्या झाडाखाली उभी करून म्हणलोय, बघा, एवढी बरी झाली, तुम्ही बी व्हाल. त्यातली काही माझ्या गाडीत परत कधीच बसली नायत. मी म्हणायचो, बरी झाली असतील, म्हणून आली नायत.

निघताना बाबाच्या सुनेनं नागलीची भाकरी आन् खुरसणीची, म्हंजे कारळ्याची चटणी हातावर ठेवली. मॅडमनी खाल्ली. माझ्या हातात ती मखमलाबादपर्यंत तशीच होती.

घर

मॅडमनी सुमनला उन्हात उभं केलं आन् पापणी खाली ओढली. मला बघायला बोलावलं. मी बघितलं. पांढऱ्या जागी हळद. मॅडमनी तिच्या पिशवीतली पट्टी काढून घेतली. रक्त तपासलं. दवाखान्यात बारा दिवस काढले. वाचली. दोन आठवडे अजून गेले असते तर काय, ते मॅडमनी सांगितलं नाय आन् मी विचारलं नाय.

हात परत मिटला. आता आधीपेक्षा जास्त. ती मला म्हणायची, "दसऱ्यापुरती तरी द्या हो एक. फक्त तोडणीचे चार दिस." दसऱ्याला झेंडू असतो, तुम्हाला सांगायला नको. मी म्हणायचो, दुकानात संपल्या. दुकानात संपल्या नव्हत्या. काचेतून दिसायच्या. मी फुलं तोडली त्या वर्षी. बाजारात व्यापारी म्हणाला, "बाळूशेठ, यंदा बिनदेठाची जात लावली काय?"

मॅडमचा कागद पुढं कधीतरी छापून आला. त्यांनी मला दाखवला. नरसाळ्याचं चित्र होतं, एका बाजूला भरीव ठिपके, दुसऱ्या बाजूला पोकळ. "हे पोकळ ते न मिळालेले," त्या म्हणाल्या. "असावेत असा अंदाज."

"सुमन यात कुठं?"

"नाही. तिचा अभ्यास कुणी केलाच नाही. डॉक्टरकडं तिचं कार्ड असेल. त्यावर शेवटचं काय लिहिलंय कोण जाणे."

मला माहीत होतं काय लिहिलं असंल. चापटीच्या दुसऱ्या दिवशी आम्ही पेढे घेऊन गेलो होतो त्याच्याकडं. त्यानंतर गेलोच नाय.

म्हणून एका सोमवारी आम्ही दोघं त्या नाशिकच्या दवाखान्यात गेलो. नंबर लावला. दोन तास बसलो. आत गेल्यावर डॉक्टर म्हणाले, "या, काय होतंय?"

मी म्हणलं, "काय होत नाय. आमचं कार्ड काढा. त्याच्यात लिहायचं राह्यलंय."

त्यांना समजलं नाय. कार्ड निघालं. शेवटच्या ओळीवर त्यांनीच लिहिलेलं, उत्तम गुण. मी सगळं सांगितलं. त्यांचं तोंड हळूहळू उतरलं. वाईट माणूस नव्हता. म्हणाले, "मला कुणी सांगितलंच नाही."

"आता सांगतोय ना," मी म्हणलं. "लिहा."

त्यांनी पेन काढलं. लिहिलं. मला इंग्रजी येत नाय, म्हणून मी म्हणलं, "वाचा की." त्यांनी मराठीत वाचलं. "गोळी सुरू केल्यावर दुसऱ्या महिन्यात कावीळ. दवाखान्यात दाखल. गोळी कायमची बंद."

मी उठायला लागलो. सुमन बसूनच होती. मिटलेला हात तिनं टेबलावर ठेवला, कार्डाशेजारी.

"डॉक्टरसाहेब, हात उघडला होता ते बी लिहा."

"ते आधी लिहिलंय, बाई."

"नुसतं गुण लिहिलंय तुम्ही. सुईत दोरा घातला होता मी, चष्म्याबिगर. ते लिहा. कावीळ झाली ते लिहा, आन् हे बी लिहा. दोन्ही खरं हाय."

डॉक्टरांनी कार्ड परत ओढलं आन् लिहायला लागले.